अर्धा अँटेना आणि केकचा ट्रे

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. निदान अर्धा तरी नक्की आहे. उरलेला अर्धा कोण, हे मला फार उशिरा कळलं, आणि ते कळेपर्यंत एका भल्या माणसाचं सहा वर्षांचं काम विकायला निघालं होतं. त्यात माझा दोष किती आणि इतरांचा किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. तुम्हाला लागला तर बघा.

दिसायला मी अगदीच साधा. हातभराहून जरा लांब अशी पांढरी काडी, खाली तळहाताएवढी चकती आणि चकतीला चार भोकं. एका छोट्या, घरी बांधलेल्या विमानाच्या पाठीवर मी उभा असतो. मुलं मला बघून विचारतात, "याचं काय काम?" मोठी माणसं सांगतात, "रेडिओचं." मुलांचं तेवढ्याने समाधान होतं, माझं होत नाही. वैमानिक बोलतो ते माझ्यातून बाहेर जातं आणि टॉवरवरचं बोलणंही माझ्यातूनच आत येतं. मग मी तोंड म्हणायचा की कान? दोन्हीकडचं सगळं माझ्यातून जातं खरं, पण त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जातं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक खोलीत झाला. उंचावर खिडक्या, खाली टेबलांची रांग. शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायच्या. त्यांच्या अंगठ्याला कायम चिकटपट्टी असायची. काडी चकतीत घट्ट बसली की नाही ते त्या हलवून बघायच्या आणि खोक्यात ठेवताना प्रत्येकाला म्हणायच्या, "जा बाबा, नीट बोल." मलाही म्हणाल्या. नीट म्हणजे कसं, ते विचारायच्या आत खोक्याचं झाकण बंद झालं.

खोक्यात माझ्यासोबत घडी घातलेला एक कागद होता. माझ्याबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे ते सगळं त्यावर लिहिलेलं होतं म्हणे. पण मला वाचता येत नाही, आणि ज्याला येत होतं त्याने काय केलं ते पुढे सांगतोच. माझी बहुतेक भावंडं पत्र्याच्या विमानांवर गेली. मी मात्र एका सुताराच्या खणात, बिजागऱ्यांच्या आणि कड्यांच्या शेजारी जाऊन पडलो.

या गृहस्थांना सगळे मिस्त्री म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी कपाटं, टेबलं, खुर्च्या केल्या होत्या. हात थांबायला तयार नाहीत म्हणून त्यांनी घरामागच्या शेडमध्ये विमान करायला घेतलं. सांगाडा सगळा लाकडाचा, त्यावर कापड. ते कापड शिवलं त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी. काकूंचा पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवण्याचा धंदा होता. पंखांच्या एकेका शिवणीवर त्या इतकं बारीक टाके घालत बसायच्या की मिस्त्री म्हणायचे, "अगं, पंख आहे तो, उशीचा अभ्रा नाही." काकू मान वर न करता म्हणायच्या, "अभ्रा उसवला तर कापूस सांडतो. हे उसवलं तर तुम्ही सांडाल."

विमानात दोन सीट होत्या. एक मिस्त्रींची. दुसरीची गादी काकूंनी स्वतः भरली, स्वतः शिवली, कडेने निळी गोट लावली. ती सीट काकूंसाठीच होती आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता मिस्त्रींची एक खोड सांगतो. ओरखडा त्यांना सहन व्हायचा नाही. घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या पायाखाली, फुलदाणीखाली, घड्याळामागे, काकूंच्या शिलाई मशीनच्या चारी पायांखाली त्यांनी हिरव्या फेल्टचे तुकडे चिकटवले होते. शिवाय, "माझ्या विमानात विनाकारण एक खिळासुद्धा नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे.

मला बसवायचा दिवस आला तेव्हा त्यांनी तो कागद उघडला, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, "उघड्या धातूवर घट्ट बसवा."

"आपल्याकडे धातू कुठाय?" काकूंनी विचारलं.

"तेच ना. हे पत्र्याच्या विमानवाल्यांसाठी लिहिलंय." मिस्त्रींनी कागद घडी करून खिशात टाकला. "आपण लाकडावर घट्ट बसवू. लाकूड काय धातूपेक्षा कमी आहे?"

"पाठीवर ओरखडा पडेल हं. तीन हात वॉर्निश दिलंय तुम्ही."

"फेल्ट आहे की!"

त्यांनी माझ्या चकतीच्या मापाचा फेल्टचा गोल कापला, त्याच्या कडा कात्रीने सारख्या केल्या आणि मला त्यावर अलगद बसवलं. इतकी मऊ बैठक माझ्या एकाही भावंडाच्या नशिबी आली नसेल. मी फुशारलो, खोटं कशाला बोलू? जगात आपली इतकी काळजी कुणी घेतली नव्हती, असंच मला वाटलं.

विमान मग गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर गेलं. एक धावपट्टी, एका बाजूला हँगरची रांग, आणि काचेच्या खोलीचा एक टॉवर. टॉवरवर एक बाई असायच्या. विमानांनी कधी निघायचं, कधी उतरायचं, कधी थांबायचं, हे त्या रेडिओवरून सांगायच्या. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी हेडफोन घातले, बटण दाबलं आणि घसा साफ करून आपलं नाव-गाव सांगितलं.

त्या क्षणी काय झालं ते मी कसं सांगू? त्यांचा आवाज केबलमधून धावत माझ्यापर्यंत आला. मला वाटलं, आता हा माझ्या टोकातून सुटणार आणि थेट टॉवरवर पोचणार. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावं आणि बाहेर अंगणच नसावं, तसं काहीतरी झालं. निम्मे शब्द बिचकले आणि आल्या वाटेने परत फिरले. उरलेले कसेबसे बाहेर पडले. टॉवरच्या बाईंचं उत्तर आलं तेही फाटक्या कागदासारखं, तुकड्या-तुकड्यांनी. शेवटी त्या एक वाक्य बोलल्या, ते तर सगळंच खरखरीत विरून गेलं. निरोपाचं काहीतरी असणार असं धरून मिस्त्री हसून म्हणाले, "तुम्हालाही!"

मला वाटलं, बोलणं म्हणजे हे असंच असतं. मी दुसरं कुठे पाहिलं होतं?

पण रोज तेच व्हायला लागलं. बाई काहीतरी सांगायच्या, त्यातलं निम्मं मिस्त्रींना कळायचं, उरलेलं ते अंदाजाने भरून काढायचे. शेवटी बाईंचं ते एक वाक्य यायचं, खरखरीत बुडायचं, आणि मिस्त्री म्हणायचे, "तुम्हालाही!" मग पलीकडे थोडा वेळ सगळं गप्प व्हायचं.

मग काकूंचे भाऊ आले. कुठल्याही विषयातलं सगळं कळणारी काही माणसं असतात, त्यांपैकी हे एक. त्यांनी माझ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि निकाल दिला.

"दाजी, याला उंची कमी पडतेय."

झालं. माझ्या टोकाला वीतभर तार बांधली. आवाज आणखी बिघडला. पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, याला आवाज गोळा करायला काहीतरी पाहिजे, आणि माझ्या डोक्यावर चांदीच्या कागदाची टोपी आली. त्याने काही झालं नाही, फक्त हँगरमधले लोक थांबून बघायला लागले. मग म्हणाले, "दाजी, वरून कशाला बोलायचं? टॉवर तर खाली आहे." म्हणून मला पाठीवरून काढून पोटाखाली उलटा टांगला. तिथेही माझा फेल्टचा गोल माझ्यासोबत होताच. महिनाभर मी गवत, चिखल आणि धुरळा खात लटकत राहिलो. मग पुन्हा पाठीवर. पोटाखालची भोकं मिस्त्रींनी लाकडाच्या गुट्ट्यांनी अशी बुजवली की ती कुठे होती ते आज मलाही दाखवता येणार नाही. त्यानंतर नवा रेडिओ आला. मग कानांवर दोन वाट्या पालथ्या घातल्यासारखे जाडजूड हेडफोन आले.

सगळं बदललं, आवाज तोच राहिला. मेहुण्यांनी हात टेकले आणि म्हणाले, "दाजी, मग आता एकच गोष्ट बदलायची राहिली."

"कुठली?"

"तुम्ही."

ते गमतीत बोलले होते. स्वतःच हसले, विसरूनही गेले. मिस्त्री मात्र हसले नाहीत.

त्यानंतर मी बघायला लागलो की मिस्त्री हँगरमध्ये एकटे असले की विचित्र वागतात. डोळे मिटून एक स्क्रू जमिनीवर टाकायचे आणि कान देऊन उभे राहायचे. कानापाशी बोट आणि अंगठा चोळून बघायचे, आधी डाव्या, मग उजव्या. एकदा वॉर्निश पुसता पुसता ते स्वतःलाच बोल लावत म्हणाले, "चाळीस वर्षं करवतीच्या मशीनपाशी उभा राहिलास. आता भोग फळं."

विमान चालवायला शिकत होते तेव्हा विमानतळावरच्या फ्लाइंग क्लबच्या पत्र्याच्या विमानात त्यांना सगळं स्वच्छ ऐकू यायचं. पण त्याला चार वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत कान गेले असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. एकदा मनाने धरलं की पुरावे काय, पावलापावलावर सापडतात. ते सांध्यात डोकं घालून काम करत असताना काकूंनी दारातून हाक मारली आणि त्यांना ऐकू आली नाही, की झाला पुरावा. मला मात्र प्रश्न पडायचा. कान त्यांचे गेले म्हणावं, तर शब्द माझ्यापाशीच का अडखळतात? आणि दोष माझा म्हणावा, तर सगळं करूनही मी सुधारत का नाही? दोघंही एकाच विमानात, दोघंही स्वतःलाच दोष देत होतो, आणि एकमेकांना सांगायची काही सोयच नव्हती.

काकू विचारायच्या, "माझी सीट कधी वापरायची?"

"थोडं थांब. रेडिओचं एकदा नीट होऊ दे."

"गादीवर धूळ बसली, माणूस बसलं नाही अजून."

मिस्त्री विषय बदलायचे. टॉवरचं बोलणं आपल्याला कळत नाही, आणि अशा माणसाने दुसऱ्याला घेऊन वर जायचं नसतं, हे ते काकूंना सांगू शकत नव्हते.

मग तो वाऱ्याचा दिवस आला. मिस्त्री उतरायला येत होते. टॉवरच्या बाई काहीतरी घाईने बोलल्या. माझ्यापर्यंत "मिस्त्री" एवढा एकच शब्द धड आला, बाकी खरखर. उतरायची परवानगी असणार असं समजून ते खाली यायला लागले. धावपट्टी जवळ आली, आणखी जवळ आली, आणि मला समोर क्लबचं विमान दिसलं. ते धावपट्टीच्या मधोमध उभं होतं. मिस्त्रींनाही ते त्याच वेळी दिसलं. त्यांनी विमान वर ओढलं. आम्ही त्या विमानाच्या डोक्यावरून गेलो. खालची दोन माणसं मान वर करून बघत होती, त्यांचे चेहरे मला स्पष्ट दिसले.

कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या फेरीत मिस्त्री नीट उतरले, हँगरशी आले, इंजिन बंद केलं, आणि एक चांगली फळी काढून तिच्या कडा घासायला बसले.  

दुसऱ्या दिवशी हँगरच्या दारावर एक पाटी लागली. चांगल्या लाकडाची, कडा घासलेली, मागे फेल्ट लावलेली. त्यावर लिहिलं होतं, "विमान विकणे आहे."

 एखाद्या विमानासोबत अँटेना विकतात की तो काढून ठेवतात, हेही मला माहीत नव्हतं. मला काढलं तर पुन्हा बिजागऱ्यांच्या खणात? आणि नवा मालक मला घेऊन असंच अडखळत बोलत राहणार? कारखान्यातल्या बाई "नीट बोल" म्हणाल्या होत्या. त्यांचं एवढं एक काम मला जमलं नाही, याचं मला फार वाईट वाटत होतं.

आठवड्याभरात एक गिऱ्हाईक ठरलं. शनिवारी सकाळी अकरा वाजता ते विमान बघायला येणार होतं. त्या सकाळी काकू हँगरमध्ये आल्या त्या हातात मोठा अॅल्युमिनियमचा ट्रे घेऊनच. ट्रेमध्ये केक.

"हे कशाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"विकायचं तर विकू. पण येणाऱ्या माणसाला कोरड्या तोंडाने पाठवायचं का?" काकूंनी ट्रे कामाच्या टेबलावर आदळला. "आता तरी सांगा. का विकताय?"

मिस्त्री पाटीकडे वळले. मग म्हणाले, "माझे कान गेलेत."

"कान?"

"टॉवरचं ऐकूच येत नाही मला. तुकडे येतात नुसते. त्या दिवशी..." आणि त्यांनी त्या दिवसाचं सगळं सांगितलं.

काकू पंखापाशी गेल्या आणि आपल्याच एका शिवणीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. पण बोलल्या तेव्हा आवाज चिडलेला होता. "कान गेले म्हणे! परवा मी आतल्या खोलीत बहिणीशी फोनवर तुमच्याबद्दल हळू आवाजात बोलत होते, ते बरं शब्दन् शब्द ऐकू आलं?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

तेवढ्यात दारात टॉवरच्या बाई उभ्या. उंच, चपळ, काखेत रजिस्टर. त्या दिवसाच्या प्रकाराची नोंद पूर्ण करायला त्या आल्या होत्या. मिस्त्रींना बघून त्यांनी नमस्कार केला आणि सरळ विषयालाच हात घातला.

"मी तुम्हाला थांबा म्हणून तीनदा सांगितलं. तुम्ही काहीतरी उत्तर दिलंत, पण काय ते आम्हाला कळलंच नाही. तुमचा आवाज आम्हाला धड येतच नाही हो."

मिस्त्री मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी. माझे कान..."

"थांबा," काकू म्हणाल्या. त्या बाईंकडे वळल्या. "तुम्हाला यांचा आवाज येत नाही?"

"नाही. पहिल्या दिवसापासून तुटक येतो."

"म्हणजे यांचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचत नाही."

"नाही ना."

"मग यांचे कान खराब असल्याने तुम्हाला कसं ऐकू येईनासं होईल?"

 बाईंनी रजिस्टर मिटलं. मिस्त्रींनी मान वर केली, काकूंकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मग हळूच, मित्रांनो, माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत कुणीही माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. तार बांधताना नाही, टोपी घालताना नाही. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

"आमचा रेडिओचा मेकॅनिक आज इथेच आहे," बाई म्हणाल्या. "लगेच पाठवते." आणि त्या आल्या तशा झपझप टॉवरकडे गेल्या.

मेकॅनिक ठेंगणा होता, मोजकं बोलणारा. त्याने एक छोटा मीटर आणला होता, त्यात लाल काटा. मीटर केबलला जोडून त्याने मिस्त्रींना बटण दाबायला सांगितलं. काटा सपकन उजवीकडे गेला.

"अर्धा आवाज परत येतोय," तो म्हणाला. "रेडिओ चांगला आहे. कान चांगले आहेत. याच्या खाली काय आहे?" त्याने माझ्याकडे बोट केलं.

"फेल्ट," मिस्त्री म्हणाले. "ओरखडा पडू नये म्हणून."

"फेल्टच्या खाली?"

"वॉर्निश. तीन हात."

"त्याच्या खाली?"

"लाकूड. उत्तम लाकूड."

मेकॅनिकने मीटर खाली ठेवला आणि तो हसायला लागला. हसता हसता पंखाला टेकला. "मिस्त्री, विमान केलंत की दिवाणखान्यातलं शोकेस?"

मग त्याने समजावून सांगितलं, आणि मित्रांनो, माझ्या जन्मात पहिल्यांदा मला माझ्याबद्दल काहीतरी कळलं. ही काडी म्हणजे अर्धा अँटेना, तो म्हणाला. उरलेला अर्धा म्हणजे काडीखालचा पत्रा. पत्र्याच्या विमानाचं अंगच तो अर्धा होतं, म्हणून तिथे कुणाला वेगळं काही करावं लागत नाही. लाकडाच्या विमानात खाली धातू नसतो, तो आपण द्यावा लागतो; खोक्यातल्या कागदावर पुढे तेच लिहिलेलं असतं. नाहीतर आवाजाला निघायला पाय रोवायची जागाच राहत नाही. तो बाहेर जाता जाता परत फिरतो. आणि बोलताना होतं तेच ऐकताना होतं.

उंबऱ्याबाहेर अंगण नव्हतं, ते हेच! मी एवढे दिवस ज्याला माझा स्वभाव समजत होतो, तो माझा स्वभाव नव्हताच. मला धड उभंच केलेलं नव्हतं. आनंद व्हावा की राग यावा, कळेना. ज्या मऊ फेल्टवर बसून मी फुशारलो होतो, त्याच्याखाली काहीच नव्हतं.

"एखादा मोठा पत्रा आहे का? बघूया," मेकॅनिक म्हणाला.

मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं. ज्यांच्या विमानात विनाकारण खिळा नाही, त्यांच्या हँगरमध्ये पत्रा कुठून असणार? सगळ्यांची नजर फिरत फिरत एकाच जागी येऊन थांबली.

"माझा ट्रे?" काकू म्हणाल्या.

केक वर्तमानपत्रावर गेला. ट्रे धुतला, पुसला आणि पॉलिश कागदाने मधोमध लखलखीत घासला. मिस्त्रींनी त्याला चार भोकं पाडली. मग त्यांनी मला सोडवलं, फेल्टचा गोल काढला आणि क्षणभर हातात धरून ठेवला. नंतर तो खिशात घातला. ट्रे विमानाच्या पाठीवर ठेवून मला त्यांनी त्यावर धातूला धातू लावून कसलं. कसताना पाना सटकला आणि वॉर्निशवर एक लांब पांढरी रेघ उमटली. त्या विमानावरचा तो पहिला ओरखडा.  मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचा नट कसायला घेतला.

"आता बोला," मेकॅनिक म्हणाला.

मिस्त्रींनी बटण दाबलं. आवाज धावत आला आणि या वेळी एकही शब्द परत फिरला नाही. कसं सांगू तुम्हाला? माझ्या पायाखाली काहीतरी होतं. थंड, पक्कं, केकचा वास येणारं. मीटरचा काटा डाव्या कोपऱ्यात बसून राहिला. पलीकडून टॉवरच्या बाई बोलल्या, आणि हेडफोनमधून त्यांचा आवाज इतका स्वच्छ आला की बाजूला उभ्या असलेल्या काकूंनाही ऐकू गेला. बाईंनी वाऱ्याची दिशा सांगितली, वेग सांगितला आणि रोजच्या सवयीने शेवटचं वाक्यही म्हटलं.

"आणि मिस्त्री, आवाज तुटतोय, अँटेना तपासून घ्या. अरेच्चा! आज नाही तुटत!"

मिस्त्रींनी पुन्हा बटण दाबलं. "हे... हे तुम्ही रोज सांगत होता?"

"रोज! आणि तुम्ही म्हणायचात, तुम्हालाही. मला वाटायचं, हा माणूस मलाच काय अँटेना तपासायला सांगतोय?"

मेकॅनिक पुन्हा पंखाला टेकला. काकू हसता हसता खाली बसल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण हसताना रडतोय. माझी अवस्था काय झाली ते विचारू नका. माझ्याबद्दलचा तो निरोप रोज माझ्याच अंगातून गेला होता आणि रोज माझ्याच अंगात हरवला होता. याला काय म्हणायचं ते मला आजही कळत नाही.

अकरा वाजता गिऱ्हाईक आलं. भला माणूस होता. त्याने वर्तमानपत्रावरचा केक खाल्ला, छान झालाय म्हणाला आणि विमान कुठलं ते विचारलं. मिस्त्रींनी दारावरची पाटी उतरवली, उलटी करून टेबलावर ठेवली आणि त्यावर त्याच्यासाठी चहाचा कप ठेवला. "विकायचं नाही," ते म्हणाले. "माफ करा. आमचा जरा गोंधळ झाला होता."

पुढे ट्रे लाकडाच्या आतल्या बाजूला गेला, त्याला चारी दिशांना तांब्याच्या लांब पट्ट्या जोडल्या, आणि लाकडातून आरपार जाणाऱ्या बोल्टनी मला त्याच्याशी बांधलं. कान तपासायला मिस्त्री काकूंच्या आग्रहाने गेले. डावा किंचित कमी आहे, विमान चालवायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मग एका स्वच्छ सकाळी काकू दुसऱ्या सीटवर बसल्या. आधी त्यांनी गादीवरची धूळ झटकली, मग पट्टा लावला आणि खिडकीतून आपल्या पंखावरची शिवण एकदा तपासून घेतली. आम्ही वर गेलो. रस्ते बारीक झाले, छपरं डबीएवढी झाली. टॉवरच्या बाईंनी विचारलं, "मिस्त्री, आज सोबत कोण आहे?"

मिस्त्रींनी बटण दाबलं. आधी त्यांनी पंखावरच्या शिवणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "जिच्या टाक्यांवर हे विमान उडतंय, ती."

मी ते वाक्य टॉवरपर्यंत नेलं, एक अक्षरही न सांडता. उत्तर आलं, "स्पष्ट ऐकू आलं." मला त्या क्षणी कारखान्यातल्या त्या बाई आठवल्या. अंगठ्याला चिकटपट्टी असलेल्या.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझा पांढरा रंग पिवळा पडलाय, टोकाशी दोन टवके उडालेत. मी तोंड आहे की कान, हे कोडं अजून सुटलेलं नाही. कुठेही न टेकता माझं बोलणं टॉवरपर्यंत पोचतं कसं, तेही मला कळत नाही. पण एक गोष्ट मला नक्की कळली आहे, तेवढी ऐका. कुणाचा आवाज पोचत नसेल तर लगेच त्याला टोपी घालू नका, उलटा टांगू नका, आणि स्वतःला बहिरंही ठरवू नका. आधी वाकून बघा, तो कशावर उभा आहे. मऊ बैठक देणं म्हणजे काळजी घेणं, असं मलाही वाटायचं. माझ्या पायाखाली खरं काहीतरी आलं ते मात्र एका ओरखड्यासोबत. आणि हो, कुठल्याही वस्तूसोबत घडी घातलेला कागद आला, तर तो खिशात घालण्याआधी शेवटपर्यंत वाचा.

काकूंनी नवा ट्रे अजून घेतलेला नाही. दर रविवारी हँगरमध्ये आल्या की त्या मिस्त्रींना विचारतात, "माझा ट्रे कधी परत मिळणार?"

मिस्त्री वॉर्निश पुसत राहतात आणि डावा कान पुढे करून म्हणतात, "काय? ऐकू नाही आलं."

यात मात्र, मित्रांनो, माझा काहीही दोष नाही.